‘चालते’ एवढ्यावर समाधान मानू नये



समजा, आपल्या गल्लीत नवा नळ बसला. बसवणारा कारागीर चावी फिरवून दाखवतो, पाणी पडते, ‘झाले काम’ म्हणून तो निघून जातो. त्याचे म्हणणे खोटे नसते. पण त्या नळावर जिला घर चालवायचे आहे, त्या माउलीचे प्रश्न निराळे असतात. सगळ्या गल्लीने एकदम नळ सोडले तर धार राहील का? हंडा किती वेळात भरेल? पाणी स्वच्छ असेल का? शाळेत जाणाऱ्या मुलीचा हात चावीपर्यंत पोहोचेल का? नळ बिघडला तर किती दिवसांनी दुरुस्त होईल? पाणी पडते की नाही, हा एक प्रश्न झाला. ते कसे, केव्हा आणि कोणाला मिळते, हा दुसरा. आणि घराचा कारभार अडतो तो बहुधा या दुसऱ्या प्रश्नापाशी.

आज हा विषय घेण्याचे कारण असे की, आपल्या घरातली अनेक कामे आता नळासारखीच एका यंत्रणेतून येतात. मुलांची शिष्यवृत्ती, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, रेशनचे धान्य, बहिणीच्या खात्यातले अनुदान, दहावीचा निकाल, हे सर्व संगणकावरून किंवा मोबाईलवरून मिळवावे लागते. त्यामागे जी आज्ञावली चालते तिला सॉफ्टवेअर म्हणतात. ती लोकांच्या हाती देण्यापूर्वी तपासण्याचे स्वतंत्र शास्त्र आहे. त्या तपासणीचे दोन भाग पडतात. पहिल्यात ‘काम होते का’ हे पाहतात. दुसऱ्यात ‘काम कसे होते’ हे पाहतात. त्याला त्या धंद्यात ‘नॉन-फंक्शनल टेस्टिंग’ म्हणतात. नाव अवघड आहे, पण गोष्ट आपल्या नळाचीच आहे.

निकालाच्या दिवशी काय घडले

16 जुलै 2021 हा दिवस अनेक पालकांना आठवत असेल. कोरोनामुळे त्या वर्षी दहावीची परीक्षा झाली नव्हती. शाळांनी केलेल्या मूल्यमापनावरून निकाल तयार झाला आणि तो दुपारी एक वाजता संकेतस्थळावर पाहायला मिळणार होता. राज्यात सुमारे 15 लाख 75 हजार विद्यार्थी होते. कोल्हापूर विभागीय मंडळाकडे कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. तिथलीही हजारो घरे मोबाईल हातात धरून बसली होती. एक वाजला आणि संकेतस्थळ उघडेना. कित्येक तास हीच अवस्था राहिली. संध्याकाळ झाली तरी पुष्कळ मुलांना आपले गुण कळले नव्हते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. निकाल तयार होता. निकाल दाखवणारे पानही तयार होते. एका माणसाने बैठक क्रमांक घालून पाहिले असते तर त्याला गुण दिसले असते. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच होते. गाडे अडले ते दुसऱ्या प्रश्नावर. लाखो माणसे एकाच मिनिटाला आली तर काय होईल? ही गर्दी अचानक आलेली नव्हती. विद्यार्थ्यांची संख्या मंडळाला ठाऊक होती, तारीख आणि वेळ मंडळानेच जाहीर केली होती. सोमवारी वडगावचा बाजार भरतो हे जसे आपल्याला आधीच माहीत असते, तशीच ही गर्दी आधीच माहीत असलेली होती.

अशा गर्दीची तपासणी आधी करता येते, आणि त्यासाठी लाखो माणसे गोळा करावी लागत नाहीत. ‘जेमीटर’ नावाचे एक साधन यासाठी फुकट मिळते. ते संगणकावर बसवले की तोच संगणक हजारो माणसांचे सोंग घेतो आणि संकेतस्थळाचे दार ठोठावतो. नेहमीची अपेक्षित गर्दी लोटून पाहणे ही भार चाचणी. अपेक्षेपेक्षा जास्त गर्दी लोटून यंत्रणा कुठे मोडते ते पाहणे ही ताण चाचणी. एका मिनिटात एकदम लोंढा सोडून पाहतात, तशीच मध्यम गर्दी दोन-तीन दिवस सतत चालू ठेवूनही पाहतात. कारण काही यंत्रणा पहिल्या तासाला ताज्यातवान्या असतात आणि दुसऱ्या दिवशी धापा टाकू लागतात.

हा दोष केवळ आपल्याकडचा आहे असे समजू नये. 1 ऑक्टोबर 2013 रोजी अमेरिकेच्या सरकारने आरोग्य विम्यासाठी मोठे संकेतस्थळ सुरू केले. पैशाची व तज्ज्ञांची त्या देशाला वाण नाही. तरीही लाखो लोक पहिल्याच दिवशी येऊन थडकले आणि त्या दिवसभरात विम्याची नोंदणी पूर्ण करू शकले ते फक्त सहा जण. संकेतस्थळ सुरू होण्यापूर्वी त्याची सबंध तपासणी करण्याइतका वेळ ठेवलेला नव्हता, हे पुढे उघड झाले.

सरासरी कोणाला झाकते

तपासणीचा अहवाल वाचताना एक फसगत होते, ती पालकांनी समजून घ्यावी. समजा शंभर माणसांनी अर्ज उघडला. पंचाण्णव जणांना पान दोन सेकंदांत मिळाले. उरलेल्या पाच जणांना साठ सेकंद थांबावे लागले. आता सरासरी काढा. पंचाण्णव गुणिले दोन म्हणजे 190, पाच गुणिले साठ म्हणजे 300. बेरीज 490, भागिले शंभर. उत्तर आले 4.9 सेकंद. अहवालात लिहिले जाईल की सरासरी पाच सेकंदांत पान उघडते. वाचणारा म्हणेल, ठीक आहे. पण साठ सेकंद ताटकळलेली ती पाच माणसे त्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

ही पाच माणसे कोण असतात? बहुधा ज्यांचा मोबाईल जुना, ज्यांच्या वस्तीत रेंज कमी, ज्यांचा डेटा संपत आलेला. साठ सेकंदांत त्यांचे पान बंद पडते आणि भरलेला अर्ज पुसला जातो. म्हणून जाणते तपासनीस सरासरीवर भागवत नाहीत. शंभर माणसे वेगाच्या क्रमाने उभी केली तर पंचाण्णवाव्या माणसाला किती वेळ लागला, नव्याण्णवाव्याला किती लागला, हे ते विचारतात. रांगेच्या शेवटी उभा असलेला माणूस मोजायचा, हा या शास्त्राचा नियम आहे. आपल्याला तो चटकन पटावा, कारण आपल्या समाजाने रांगेचे शेवटचे टोक पुष्कळ काळ पाहिले आहे.

अखेरची तारीख आणि कागदाचा आधार

डिसेंबर 2020 मध्ये राज्यातील 14,234 ग्रामपंचायतींच्या निवडणुका लागल्या. मतदान 15 जानेवारी 2021 रोजी होते आणि उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख 30 डिसेंबर होती. अर्ज संगणकावर भरायचे होते. शेवटच्या दिवसांत गावोगावचे उमेदवार सेवा केंद्रांवर लोटले आणि यंत्रणा मंदावली. तेव्हा राज्य निवडणूक आयोगाने पारंपरिक पद्धतीने कागदावरचे अर्ज घेण्यास परवानगी दिली आणि अखेरच्या दिवसाची वेळ सायंकाळी साडेपाचपर्यंत वाढवली. निर्णय योग्य होता. पण तो तारीख तोंडावर आल्यावर झाला.

शिष्यवृत्तीचेही असेच झाले. मॅट्रिकोत्तर शिक्षणासाठी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती 1944 पासून मिळते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्या शिष्यवृत्तीवर आपल्या घरांतील पिढ्या शिकल्या. तिचे अर्ज राज्यात महाडीबीटी या संकेतस्थळावर आणण्याचे ठरले, तेव्हा 2017-18 या पहिल्याच वर्षी तांत्रिक अडचणी इतक्या आल्या की त्या वर्षापुरते अर्ज पुन्हा कागदावर घेण्याची वेळ आली. शिष्यवृत्ती लांबली की काय होते हे सांगायला नको. महाविद्यालय फीचा तगादा लावते, वसतिगृहाचे व मेसचे पैसे थकतात, आणि पहिल्यांदा शाळेबाहेर पडलेली मुलगी ‘राहू दे, पुढच्या वर्षी बघू’ असे म्हणून घरी बसते.

या दोन उदाहरणांतून भरवशाची कसोटी कळते. यंत्र केव्हातरी बंद पडणारच, हे तपासनीस धरूनच चालतो. त्याचा प्रश्न पुढचा असतो. बंद पडल्यावर किती वेळात उठेल? अर्धा भरलेला अर्ज शाबूत राहील का? आणि उठलेच नाही तर माणसाचे काम कोणत्या दुसऱ्या वाटेने होईल? कागदाची वाट आधीपासून ठरवून ठेवणे हाही चांगल्या यंत्रणेचाच एक गुण आहे.

अंगठा, डोळे आणि भाषा

शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत फाउंड्रीत काम करणाऱ्या माणसाचा तळहात पाहावा. वीटभट्टीवर राबणाऱ्या, ऊस तोडणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बाईची बोटे पाहावीत. रेषा झिजून गेलेल्या असतात. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवला की ‘ठसा जुळत नाही’ असे उत्तर येते. यंत्र आपल्या परीने चालू असते. मग ते कोणाच्या अंगठ्यावर तपासले होते? कचेरीत बसणाऱ्या वीस माणसांच्या मऊ बोटांवर ते उत्तम चालेल; पण ज्यांच्यासाठी धान्य आहे त्यांच्या बोटांवर चालले तरच ती तपासणी खरी. डोळ्याच्या बाहुलीवरून, चेहऱ्यावरून किंवा मोबाईलवर येणाऱ्या क्रमांकावरून ओळख पटवण्याच्या दुसऱ्या सोयी आहेत. त्या दुकानात प्रत्यक्ष मिळतात का, हेही तपासणीतच यायला हवे.

भाषेचेही तसेच. 2021 मध्ये कोरोनाच्या लशीसाठी कोविन या संकेतस्थळावर नोंदणी सुरू झाली तेव्हा ते इंग्रजीत होते. ज्याला इंग्रजी येत नाही, ज्याच्याकडे मोबाईल नाही, त्याने लस कशी घ्यावी, असा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारला विचारला. त्यानंतर जूनमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा तिथे आल्या. पण नुसते भाषांतर पुरत नाही. ‘प्रमाणीकरण अयशस्वी’ असे शब्द पडद्यावर आले तर चौथी शिकलेल्या आजीने त्यातून काय समजावे? ‘अंगठा जुळला नाही, बोट पुसून पुन्हा ठेवा’ असे लिहिले तर ती स्वतःचे काम स्वतः करील.

30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीत महत्त्वाचा निर्णय दिला. बँकेच्या ओळख-पडताळणीत कॅमेऱ्यापुढे पापण्या मिटून-उघडून दाखवाव्या लागत. ॲसिड हल्ल्यात ज्यांचे डोळे गेले त्यांना हे कसे जमणार? अशा पीडितांनी व दृष्टिहीन नागरिकांनी दाद मागितली. डिजिटल सेवेपर्यंत पोहोचता येणे हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि सरकारला वीस निर्देश दिले. म्हणजे ‘सर्वांना वापरता येते का’ ही तपासणी आता कोणाच्या मेहेरबानीवर राहिलेली नाही.

कसोट्या लिहून ठेवलेल्या आहेत

सॉफ्टवेअरचा चांगुलपणा कशात पाहायचा याचे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा क्रमांक आयएसओ 25010. ते 2011 मध्ये निघाले आणि 2023 मध्ये सुधारले गेले. त्यात नऊ गुण सांगितले आहेत. पहिला, नेमलेले काम पुरे करणे. उरलेले आठ ‘कसे’ या प्रश्नाचे आहेत: वेग व काटकसर, दुसऱ्या यंत्रणांशी जुळणे, माणसाला वापरता येणे, भरवसा, माहितीची सुरक्षितता, दुरुस्तीची सोय, बदलत्या परिस्थितीला जुळवून घेणे, आणि कोणाच्या जीविताला वा मालमत्तेला अपाय न करणे. नवात आठ! एवढ्यावरून दुसऱ्या प्रश्नाचे वजन कळावे.

मग तपासणी राहते का? याचे मोठे कारण सुरुवातीच्या कागदात असते. काम देताना ‘अर्ज भरता आला पाहिजे, पावती निघाली पाहिजे’ अशी यादी तपशिलाने लिहिली जाते आणि शेवटी एक वाक्य येते, ‘यंत्रणा जलद व सुलभ असावी.’ जलद म्हणजे किती? सुलभ कोणाला? ज्याला माप नाही त्याची तपासणी होत नाही. ‘एका वेळी एक लाख माणसे आली असता शंभरातील पंचाण्णव जणांना तीन सेकंदांत पान मिळावे, साध्या मोबाईलवर मिळावे, अर्धा अर्ज सात दिवस जपला जावा’ असे लिहिले तर ते मोजता येते, आणि मोजून नापासही करता येते. बाजारातला काटा शिक्का मारून घ्यावा लागतो, कारण तिथे मापाचा कायदा आहे. इथे माप आधी लिहावे लागते.

माप न लिहिल्याचा खर्च कंत्राटदाराला फारसा सोसावा लागत नाही. तो आपण सोसतो. सर्व्हर बंद म्हणून केंद्रावरून परतलेल्या बाईचा रोजगार बुडतो. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा येते, पुन्हा बुडतो. दाखल्यासाठी वडगावाहून हातकणंगल्याला दोन खेपा जास्त झाल्या तर एसटीचे भाडे वेगळे. कोणत्याही अहवालात हा खर्च लिहिलेला नसतो.

आपण काय करावे

पहिली गोष्ट, अर्ज लवकर भरावा. दोष यंत्रणेचा असला तरी शेवटच्या आठवड्यातल्या लोंढ्यात आपले मूल ढकलू नये. जात, उत्पन्न आणि रहिवास यांचे कागद मे-जूनमध्येच तयार ठेवावेत.

दुसरी, अर्ज क्रमांकाची पावती कागदावर घ्यावी. केंद्रचालकाच्या मोबाईलवर राहू देऊ नये. आपला पासवर्ड व मोबाईलवर येणारा क्रमांक कोणाला देऊ नये. सुरक्षिततेचा आपल्या हातातला भाग एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

तिसरी, तक्रार नेमकी लिहावी. ‘साईट चालत नाही’ एवढे लिहून उपयोग होत नाही. तारीख, वेळ, कोणते पान, मोबाईल कोणता, पडद्यावर कोणते शब्द आले, किती वेळा प्रयत्न केला, हे लिहावे आणि पडद्याचा फोटो जोडावा. अखेरची तारीख चुकली तर हाच कागद आपली बाजू मांडतो. दहा जणांनी असे लिहिले तर तोच एक तपासणी अहवाल होतो.

चौथी, विचारावे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने साधा अर्ज करता येतो. महाराष्ट्रात फी 10 रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तीही नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत असावा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. ज्या खात्याची सेवा असेल त्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे मागावे: सेवा सुरू करण्यापूर्वी एका वेळी किती वापरकर्ते धरून भार चाचणी केली, तिच्या अहवालाची प्रत, सुरक्षा तपासणीच्या प्रमाणपत्राची प्रत, आणि यंत्रणा बंद पडल्यास ठरवलेल्या पर्यायी व्यवस्थेची प्रत. शब्द सभ्य असावेत, प्रश्न नेमके असावेत.

पाचवी गोष्ट आपल्या तरुणांसाठी. तपासणी हा स्वतंत्र पेशा आहे आणि पुण्यासारख्या शहरांत त्यावर अनेकांची घरे चालतात. त्यातल्या आयएसटीक्यूबी या आंतरराष्ट्रीय परीक्षेची पहिली पायरी द्यायला पदवीची अट नाही. मात्र केवळ त्या कागदावर नोकरी मिळते, असे सांगून हजारो रुपये घेणाऱ्या क्लासपासून सावध राहावे. आधी जेमीटरसारखे फुकट साधन घेऊन, स्वतः बनवलेल्या छोट्या पानावर हात बसवावा. दुसऱ्याच्या वा सरकारच्या संकेतस्थळावर परवानगीशिवाय असा भार टाकणे हा गुन्हा ठरू शकतो, हे पक्के ध्यानात ठेवावे.

ज्या मुलीने आईचा झिजलेला अंगठा तीनदा यंत्रावर ठेवताना पाहिला आहे, ती उद्या तपासनीस झाली तर पहिल्याच दिवशी विचारील, ‘हे कोणाच्या बोटांवर तपासले?’ हा प्रश्न पुस्तकात शोधावा लागणार नाही, ती तो घरातूनच घेऊन जाईल. तिला त्या टेबलापर्यंत पोहोचवणे हे पालकांचे काम आहे. तोवर आपल्या गावात कोणतीही नवी संगणकीय सेवा सुरू झाली आणि कोणी ‘चालू झाली’ असे सांगितले, की आपण शांतपणे तीन गोष्टी विचाराव्यात: गर्दीत चालते का, साध्या मोबाईलवर चालते का, आणि बंद पडली तर काय करायचे?